मीट थर्मामीटर: घरच्या चिकन-मटणासाठी कोणता घ्यावा, कसा वापरावा?

धायरीकर | शनिवार, रात्री ९.४०

श्रावणाला अजून दोन आठवडे आहेत. पुढचे दोन्ही रविवार बहुतेक घरांत आखाड होणार, म्हणून हा धागा आत्ताच काढतोय.

२०२५ च्या जानेवारीत आमच्या पुण्यातल्या सिंहगड रोडच्या पट्ट्यात, म्हणजे किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागात, जीबीएसचे (गुलेन बॅरी सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले होते. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू सापडला. संशय मुख्यतः पाण्यावर होता, पण त्याच ओघात चिकनचंही नाव निघालं, कारण हा जिवाणू कच्च्या कोंबडीवरही असतो. आईने त्या दिवशीच घरात चिकन बंद केलं. मी वाचत गेलो तसं कळलं की मांस आतपर्यंत नीट तापलं की तो मरतो. आईला तसं सांगितलं. ती म्हणाली, "आतपर्यंत तापलं हे तुला कसं कळणार?" प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ओटीजीत, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, केलेली तंगडी कधी हाडाजवळ कच्चट निघायची, तर कधी त्या भीतीने जास्त वेळ ठेवून वातड व्हायची.

म्हणून पेनासारखा दिसणारा डिजिटल थर्मामीटर मागवला, साडेतीनशे रुपयांचा. तपासायला उकळत्या पाण्यात धरला, तर आकडा ९८ च्या पुढे जाईना. दोन अंश चुकतोय म्हणून परत पाठवला आणि दुसरा मागवला. तोही ९८ वरच थांबला. मग उलगडा झाला. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळतं, दर ३०० मीटरला सुमारे एक अंश. म्हणजे पुण्यात ९८ हाच बरोबर आकडा. मुंबईत १०० येईल, महाबळेश्वरला ९५-९६. पुण्यात थर्मामीटर तपासणाऱ्या प्रत्येकाने हे आधी लक्षात ठेवावं, नाहीतर चांगली वस्तू माझ्यासारखी परत पाठवाल.

त्याहून सोपी परीक्षा बर्फाची. फुलपात्रात बर्फाचा चुरा गच्च भरायचा, बर्फाच्या फटी भरतील एवढंच गार पाणी घालायचं, मिनिटभर ढवळायचं आणि टोक मधोमध धरायचं. तळाला किंवा कडेला टेकू द्यायचं नाही. शून्य आलं पाहिजे, एखादा अंश इकडेतिकडे चालतो. मी दर दोन महिन्यांनी करतो.

आता आकडे. सगळे सेल्सिअसमध्ये, आणि अमेरिकेच्या कृषी खात्याने घरगुती स्वयंपाकासाठी दिलेले. कोंबडी, कुठलाही भाग असो, ७४. खिमा मटणाचा असेल तर ७१. मटणाचा अखंड तुकडा ६३ आणि मग आचेवरून काढून तीन मिनिटं तसाच ठेवायचा. मासे ६३. उरलेलं गरम करताना पुन्हा ७४. मटणाच्या ६३ बद्दल माझा आक्षेप आहे, तो खाली लिहीन.

टोचायचं कसं हे मी तंगडीवर शिकलो. सर्वांत जाड भागात, वरून सरळ न खुपसता बाजूने, हाडाला समांतर. हाडाला टोक टेकलं की आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण हाड मांसापेक्षा वेगळ्या गतीने तापतं. टोक थोडं पलीकडे जाऊ द्यायचं आणि मग हळूहळू मागे ओढायचं. आकडा पळत असतो, ७९, ७६, ७२, ६८, आणि परत ७१, ७५. तो जो ६८ दिसला, तोच त्या तंगडीचा खरा आकडा. सर्वांत गार जागा शोधायची आहे. पहिल्यांदा हे केलं तेव्हा बाहेरून तंगडी तांबूस-काळी झाली होती, रंगावरून मी केव्हाच काढली असती. आत ६१ होता.

तुमचे अनुभव लिहा. कोणता थर्मामीटर वापरता, कुठे घेतला, काय चुकलं, सगळं.

पेठेतली | शनिवार, रात्री १०.१५

छान धागा, वाचनखूण साठवली. एक शंका. आमच्याकडे महिन्यातले तीन रविवार रस्साच असतो. कुकरला चिकन दोन शिट्ट्या, मटण सहा-सात. त्यात हे यंत्र कुठे घालायचं?

धायरीकर | शनिवार, रात्री १०.३२

कुठेच नाही, ताई. रश्श्याला थर्मामीटर लागत नाही. कुकरच्या आत १२० अंशांच्या आसपास तापमान जातं, करी कटचे छोटे तुकडे त्यात कच्चे राहणं शक्य नाही. पातेल्यात उकळत्या रश्श्यात पंचवीस-तीस मिनिटं शिजलेल्या फोडीही नव्वदीपार जातात. कोरड्या आचेवर, मोठ्या तुकड्यात, बाहेरून रंग आला आणि आतलं दिसत नाही, अशा ठिकाणीच त्याचा उपयोग. तंदुरी तंगडी, अख्खी कोंबडी, जाड ब्रेस्ट, सीख कबाब, पॅटिस, रान (बोकडाची अख्खी मांडी).

रवाळतूप | रविवार, सकाळी ७.५०

मी चाळीस वर्षं मटण करते आहे. मांस हाडापासून सुटायला लागलं, बोटाने दाबल्यावर रेषा वेगळ्या झाल्या की झालं. आमच्या सासूबाई तर नुसत्या वासावरून सांगायच्या. हाताला जे कळतं ते आकड्याला कळतं का, हा माझा मनापासूनचा प्रश्न आहे. नव्या पिढीने हात बसवायच्या आधीच यंत्र हातात घेतलं तर हात बसणार कधी?

कोळसेवाला | रविवार, सकाळी ९.०५

काकू, नमस्कार. तुमचं मटणाबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मटण मऊ झालं की नाही हे बोटच सांगतं, आकडा नाही. पण ब्रॉयलर चिकनचं उलट आहे. ते मऊ आधी होतं आणि सुरक्षित नंतर. ६० अंशांनाही ब्रेस्ट बोटाला मऊच लागतं. तिथे हात फसतो.

आणि आकड्याने हात बसायला मदतच होते, असा माझा अनुभव आहे. गेली सहा वर्षं गच्चीत कोळशावर करतोय. आधी बोटाने दाबून मनात अंदाज बांधतो, मग टोचून बघतो. पहिल्या वर्षी दहा-दहा अंश चुकायचो. आता तीन-चारच्या आत असतो.

प्रकारांबद्दल लिहितो, कारण माझ्याकडे एकेक करत चार जमले आहेत.

पेनवाला डिजिटल: सुरुवातीला हाच घ्या. स्वस्तातल्यांना आकडा स्थिरावायला आठ-दहा सेकंद लागतात, सळई दुमडणाऱ्या घडीच्या चांगल्यांना तीन-चार. कोळशावर हात धरून उभं असताना हा फरक खूप जाणवतो. ओटीजीचं दार उघडून बघायचं असेल तरीही, कारण दार जेवढा वेळ उघडं तेवढी आतली उष्णता गेली. सळई जितकी बारीक तितकं भोक लहान आणि वाचन जलद.

घड्याळासारखी तबकडी असलेला: मी घेतला आणि चिकनसाठी वापरणं सोडलं. त्याच्या दांड्यात दोन धातूंची गुंडाळी असते आणि ती पाच-सहा सेंटीमीटर लांबीचं सरासरी तापमान दाखवते. दांड्यावर एक बारीक खळगा असतो, तिथपर्यंत तो मांसात जायला हवा. तंगडीत एवढी जागाच नसते. अख्ख्या रानेत मात्र चालतो.

वायरवाला, म्हणजे सळई मांसात खुपसून ठेवायची, उष्णता सोसणारी वायर ओव्हनच्या दारातून बाहेर आणि आकडा ओट्यावरच्या डब्यावर: अख्खी कोंबडी किंवा रान करणाऱ्यांनी हाच घ्यावा. ठरवलेला आकडा आला की वाजतो. ज्वाळेत वायर जळते, माझी एक जळली आहे. बिनवायरीचेही मिळतात, महाग आहेत.

आणि इन्फ्रारेड बंदूक: ती फक्त पृष्ठभाग वाचते. तवा किती तापलाय, पिझ्झाचा दगड किती तापलाय, यासाठी उत्तम. मांसाच्या आतलं तिला काहीही कळत नाही. चकचकीत स्टीलवर तर ती आकडाच चुकवते. कोविडमध्ये सोसायटीच्या गेटवर असायची ती कपाळाची बंदूक याहून वेगळी. ती अंगाच्या तापापुरतीच, स्वयंपाकघरात तिचं काम नाही. तापाचा घरातला थर्मामीटरही नको, तो ४२-४३ ला संपतो. पाऱ्याचा काचेचा तर मांसात अजिबात घालू नका. फुटला तर काच आणि पारा दोन्ही जेवणात.

एकटा_जीव | रविवार, सकाळी ११.२०

हिंजवडीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. एअर फ्रायर आहे आणि आठवड्याला दीड किलो चिकन ब्रेस्ट खातो. दोन वर्षं ते लाकडासारखं कोरडं खाल्लं. आई फोनवर विचारायची, नीट शिजवतोस ना, म्हणून मी अजून पाच मिनिटं वाढवायचो.

मागच्या महिन्यात थर्मामीटर घेतला आणि नेहमीच्या वेळेनंतर पहिल्यांदा टोचला. ८९! म्हणजे मी दोन वर्षं रोज पंधरा अंश जास्त शिजवत होतो. आता ७१ ला बाहेर काढतो, वर ताटली झाकतो, पाच मिनिटांनी परत टोचतो. तोवर ७४ होतो. एकदा ७३ वरच थांबला, तेव्हा मिनिटभर परत आत ठेवला. कापल्यावर पाणी सुटतं ते ताटलीत न जाता मांसातच राहतं. आईला व्हिडिओ कॉलवर आकडा दाखवला, तेव्हापासून तिची काळजी मिटली. माझ्यासाठी साडेचारशे रुपयांत एवढं झालं, यापेक्षा जास्त काय हवं.

प्रश्न एवढाच की काढल्यावर आकडा वाढतो कसा?

सूक्ष्मदर्शी | रविवार, दुपारी १.४५

कापूच नका लगेच, हे आधी सांगते. बाहेरचा थर आतल्यापेक्षा खूप गरम असतो आणि आचेवरून काढल्यावरही ती उष्णता आत सरकत राहते. लहान ब्रेस्टमध्ये दोन-तीन अंश, अख्ख्या कोंबडीत किंवा रानेत पाच किंवा थोडे जास्त. तुम्ही परत टोचून खात्री करता, हे फार चांगलं करता.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून जिवाणूंच्या बाजूने थोडं लिहिते. ७४ हा काही जादूचा आकडा नाही. जिवाणू मरण्यासाठी तापमान आणि वेळ दोन्ही लागतात. चिकनमध्ये ७४ ला ते काम जवळजवळ तत्क्षणी होतं. ६५-६६ ला तेवढंच काम व्हायला तीन-चार मिनिटं लागतात आणि ६० ला सुमारे अर्धा तास. घरी सेकंदकाटा धरून कोण बसणार, म्हणून घरासाठी ७४ सांगितलं जातं. घरात लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा केमो चालू असलेलं कोणी असेल तर यात तडजोड करू नका.

खिम्याला अखंड तुकड्यापेक्षा जास्त आकडा का? अखंड मटणावर जिवाणू मुख्यतः बाहेरच्या बाजूला असतात आणि बाहेरची बाजू तव्यावर लगेच तापते. खिमा करताना तीच बाहेरची बाजू आत मिसळते. म्हणून सीख कबाब मधोमध ७१ झालाच पाहिजे, आणि चिकनच्या खिम्याचा असेल तर ७४. आणि एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. मसाला मुरावा म्हणून आपण तंगडीला, रानेला खोल चिरा देतो, सुरीने भोकं पाडतो. त्या सुरीबरोबर बाहेरचं आत जातं. अशा रानेला अखंड तुकडा समजून ६३ वर सोडू नका.

रंगाबद्दल. हाडाजवळचा गुलाबी-तांबडा रंग पाहून खूप जण घाबरतात. ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांची असते, तिची हाडं कोवळी आणि सच्छिद्र असतात, मगजाचा रंग बाहेर झिरपतो. फ्रीझ केलेल्या चिकनमध्ये जास्तच. ७८-८० झाल्यावरही तो रंग राहू शकतो. उलटही होतं. दही-लिंबात मुरलेलं चिकन बाहेरून पांढरं दिसतं आणि शिजलेलं वाटतं, ते आम्लामुळे. रंग दोन्ही बाजूंनी फसवतो.

पेठेतली | रविवार, दुपारी २.१०

सूक्ष्मदर्शीताई, फार छान लिहिलंत. मग चिकन धुवायचं की नाही? मी वाचलं की धुऊ नये. पण कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून आणलेलं चिकन, ठोकळ्यावरचं, त्याला पिसाचे तुकडे, हाडांचा चुरा, रक्त. ते तसंच पातेल्यात टाकायला माझं मन धजत नाही.

सूक्ष्मदर्शी | रविवार, दुपारी ३.३०

तुमचं मन धजत नाही हे मला समजतं, माझंही धजत नाही. नळाखाली धुऊ नये असं सांगतात ते उडणाऱ्या शिंतोड्यांमुळे. कॅम्पायलोबॅक्टर थोडासाही पोटात गेला तरी त्रास देऊ शकतो, आणि ते शिंतोडे शेजारच्या काकडीवर, कोथिंबिरीवर जाऊन बसतात. ती तर आपण कच्ची खातो. धुतल्याने जिवाणू जात नाहीत, ते शिजवल्यानेच जातात. मी मोठ्या पातेल्यात पाणी भरून चिकन त्यात हळूच बुडवते, हाताने चुरा काढते, पाणी सिंकच्या जाळीजवळ सावकाश ओतते, मग सिंक आणि हात साबणाने. सॅलड त्याआधीच चिरून झाकून ठेवते.

याचाच थर्मामीटरशी संबंध असा की ६० ला टोचलेली सळई तशीच पुसून ७४ ची खात्री करायला परत घालू नका. प्रत्येक वेळी साबणाच्या पाण्याने किंवा स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. फक्त सळई. स्वस्त पेनच्या डोक्यात पाणी गेलं तर तो संपला, त्याला नळाखाली धरू नका.

इंद्रायणीकाठ | रविवार, रात्री ८.५५

रानेचा माझा अनुभव सांगतो, कारण तिथे मी दोनदा पाहुण्यांना ताटकळत ठेवलं आहे.

बोकडाची सव्वा किलोची रान, दह्यात आणि कच्च्या पपईत रात्रभर मुरवलेली. ओटीजी १३० वर. वायरवाला थर्मामीटर लावला. दीड तासात ६६ झाला, मी खूश, बायकोला म्हटलं आता पोळ्या टाक. त्यानंतर पाऊण तास आकडा ६८ च्या पुढे सरकेना. मला वाटलं ओटीजी बंद पडला. झाकण नसलेल्या रानेतून पाणी बाहेर येऊन वाफ होत असते आणि ती वाफ रानेला गार करत असते, घामाने अंग गार होतं तसं. आच आणि ही गारवण बरोबरीत आली की आकडा तिथेच खिळतो. आच वाढवायची घाई केली तर बाहेरून करपतं. फॉइलमध्ये घट्ट गुंडाळायचं, वाफ आतच राहते, आकडा परत चालू लागतो. मी आता ६५ लाच गुंडाळतो आणि ९२-९३ पर्यंत नेतो, मग अर्धा तास तशीच ठेवतो. शेवटची पाच मिनिटं फॉइल उघडून वरची जाळी.

धायरीकर म्हणतात तो ६३ चा आक्षेप हाच असावा.

धायरीकर | रविवार, रात्री ९.३०

अगदी हाच. ६३ हा सुरक्षिततेचा आकडा आहे, चवीचा नाही. परदेशी तक्त्यांत मटण म्हणजे कोवळ्या मेंढीचे मऊ भाग, ते मध्ये गुलाबी ठेवून खातात. आपल्याकडे मटण म्हणजे बोकड. त्याच्या मांडीत, खांद्यात चिवट पांढरे पडदे आणि शिरा. त्या विरघळून त्यांचं जिलेटिन व्हायला ७० च्या वरचं तापमान आणि भरपूर वेळ लागतो. ६३ ला काढलेली बोकडाची मांडी मी एकदा चावून पाहिली आहे, गिळता आली नाही. कोवळ्या बोकडाची चाप तेवढी तव्यावर ६८-७० ला चांगली लागते, तीही खाटकाला सांगून जाड कापून घेतलेली. बाकी सगळं ९० च्या पुढे. ते तक्ते बघून मटण करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

चिकनमध्येही तेच. ७४ झाल्यावर ब्रेस्ट लगेच काढा, पण तंगडी तशीच राहू द्या. ८०-८५ ला ती जास्त मऊ आणि रसाळ होते. म्हणूनच अख्खी कोंबडी अवघड. मी दोन ठिकाणी टोचतो, ब्रेस्टच्या जाड भागात आणि मांडी जिथे धडाला मिळते त्या खोबणीत. तंगड्यांची बाजू ओटीजीच्या मागच्या, जास्त गरम भागाकडे ठेवतो. गावरान कोंबडीला हे काहीच लागू नाही, तिला कुकर.

आणि रवाळतूप काकूंना उत्तर द्यायचं राहिलं. काकू, तुमच्या रश्श्यात मी कधीही थर्मामीटर घालणार नाही. पण तुमच्याकडे दह्याला विरजण लावताना तुम्ही करंगळी बुडवून बघत असाल. ते दूध किती अंशांना असतं, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

माशेप्रेमी_औंध | सोमवार, सकाळी १०.००

माशांबद्दल कोणीच लिहिलं नाही! सुरमईच्या तुकड्या, बोंबील, छोटी पापलेटं यांना गरज नाही, पातळ असतात, आणि सळईला बसायला जागाही नसते. पण भरलेलं मोठं पापलेट ओव्हनमध्ये केलं तर मणक्याच्या वर, डोक्यामागच्या जाड भागात बघा. सारण भरलेलं असेल तर सारणाच्याही मध्ये टोचून बघा, तेच सर्वांत शेवटी तापतं. ६३ ला मांस पांढरं होऊन पाकळी-पाकळी सुटतं.

कोळसेवाला | सोमवार, रात्री ९.१५

खरेदीबद्दल दोघांनी व्यनित (खासगी निरोपात) विचारलं, इथेच लिहितो. रविवार पेठेत बोहरी आळीत बेकरीच्या सामानाच्या दुकानांत विचारून बघा, हातात घेऊन निवडता येतो. घेताना पाहायचं ते असं: सळई किमान दहा-बारा सेंटीमीटर, टोक बारीक, सेल्सिअस-फॅरेनहाइट बदलायचं बटण, आकडा उलट्या हातानेही वाचता येईल एवढा मोठा. संवेदक अगदी टोकाला आहे का हे घरी तपासा. गरम पाण्यात टोक फक्त एक सेंटीमीटर बुडवा, आकडा बघा, मग पाच सेंटीमीटर बुडवून बघा. दोन्ही जवळजवळ सारखे आले पाहिजेत. पेनमध्ये बहुधा एलआर ४४ बटण सेल असतो, बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतो, दोन आणून ठेवा. सेल उतरायला लागला की आकडा पुसट होतो, तेव्हाच बदला.

ओटीजीच्या बटणावर २०० लिहिलंय म्हणून आत २०० असतं, असं समजू नका. माझ्या जुन्या ओटीजीत १७० होतं. आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर मिळतो, तोही घ्या.

पेठेतली | पुढचा रविवार, रात्री १०.४०

आज आमच्या वाड्याच्या गच्चीवर आखाड झाला. चौदा तंगड्या, दोन शेगड्या. घडीचा थर्मामीटर काल आणला, बर्फात शून्य आणि उकळत्या पाण्यात ९८ बघितलं, तेव्हा धायरीकरांची आठवण झाली.

शेगडीच्या मध्यावरच्या तंगड्या ८२, ८४, ८१. कडेच्या तीन दिसायला हुबेहूब तशाच, तोच रंग, तीच काळी टोकं. त्या ६६, ६४ आणि ६९. त्यांना मध्ये घेतलं, सात-आठ मिनिटं. त्या तिघींपैकी एक माझ्या चार वर्षांच्या भाचीच्या ताटात जाणार होती, कारण लहान मुलांसाठी कडेच्या कमी तिखट लावल्या होत्या. धाग्यासाठी मनापासून धन्यवाद.

रवाळतूप | सोमवार, सकाळी ६.५५

मुलाने परवा थर्मामीटर आणून दिला. धायरीकर, तुम्ही विचारलं होतं. काल रात्री करंगळी बुडवली, "आता लावावं" असं वाटलं तेव्हा टोचून पाहिलं. ४३. आज पुन्हा पाहणार आहे. थंडीत मी थोडं जास्त गरम असताना लावते, तेव्हाचाही आकडा डिसेंबरात लिहीन.